लिस्बन पडत नाही: मेसमनना हल्ल्यासाठी कोणती प्रमोशन्स द्यावीत?

डिचोलीकर

नमस्कार. चवथीला घरी आलोय. पाच दिवसांचा गणपती काल पोचवला. आता कॉलेजला परत जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे.

खेळ सिव्हिलायझेशन फोर, 'बियाँड द सोर्ड', म्हणजे संगणकावर एकेक टर्न (पाळी) घेत राज्य वाढवायचा खेळ. मी अशोक घेतलाय. पूर्वेला नदीपलीकडे पोर्तुगालचा जुआंव, आणि त्याची राजधानी लिस्बन अगदी नदीला लागून. डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. तट बांधलेला नाही, पण कल्चरचे, म्हणजे शहराच्या सांस्कृतिक प्रभावाचे, ६० टक्के संरक्षण आहे. आत चार लाँगबोमन (तिरंदाज) आणि दोन मेसमन (गदाधारी पायदळ). लाँगबोमनना प्रत्येकी सिटी गॅरिसन एक (शहर राखायचं प्रमोशन, म्हणजे अनुभवातून मिळणारं बळ) मिळालेलं.

मी नऊ मेसमन आणि चार कॅटापल्ट (दगड फेकणारी यंत्रं) घेऊन गेलो. बॅरॅक्स या इमारतीचे ३ आणि व्हॅसलेज या राज्यधोरणाचे २ असे ५ एक्सपी (अनुभवाचे गुण) प्रत्येकाला जन्मतःच मिळाले, म्हणजे दोन प्रमोशन्स. शहरात तिरंदाज जास्त दिसले म्हणून नऊही जणांना कॉम्बॅट एक आणि कव्हर दिलं. कव्हरचे तिरंदाजांविरुद्ध २५ टक्के. मला वाटलं याहून सरळ निवड नसेल.

नदीच्या अलीकडे उभा राहिलो, चारही कॅटापल्टनी एक टर्न मारा केला, ६० चे २८ झाले, आणि त्याच टर्नला मेसमन सोडले. सात मेले. त्यातही मला कळलं नाही ते असं: तिरंदाजांसाठी तयार केलेली माझी माणसं, आणि पहिल्या दोन्ही लढायांना त्याचे मेसमन पुढे आले. तिरंदाज मागे. असं का व्हावं?

चार टर्न आधीचा ऑटोसेव्ह आहे, पण मागे जायचं नाही. आजोबा शेजारी खुर्ची टाकून बघत असतात. १९६१ साली गोवा पोर्तुगिजांकडून सुटला तेव्हा ते शाळेत होते. खेळातलं बाकी काही त्यांना कळत नाही, पण नकाशावर लिस्बन हे नाव वाचता येतं. रोज संध्याकाळी विचारतात, 'पडलं काय रे लिस्बन?' त्यांच्यासमोर मागचा सेव्ह उघडणं मला पटत नाही. नवी फौज उभी करतोय, आता प्रमोशन्स चुकवायची नाहीत. सिटी रेडर, कॉम्बॅट, शॉक, कव्हर, यातलं काय, कोणाला, किती?

म्हापसेकर

कव्हर वाईट नाही रे, पण सगळ्यांना एकच प्रमोशन देणं वाईट. शहर फोडायला सिटी रेडर हे तुला इथे सगळेच सांगतील, आणि बरोबरच सांगतील. मी वेगळं सांगतो: सगळ्याच मेसमनना सिटी रेडरही देऊ नकोस.

सिटी रेडरचा उपयोग फक्त शहरावर चालून जाताना. तुझा स्टॅक (एका चौकटीत जमवलेली फौज) लिस्बनच्या बाहेर दोन टर्न मारा करत उभा राहील, त्या दोन टर्नांत जुआंव गप्प बसणार नाही. त्याच्याकडे नाईट (घोडेस्वार) असतील तर ते तुझ्या स्टॅकवर येतील. नाईट जिंकला किंवा निसटून गेला की बाजूच्या कॅटापल्टना फ्लँक अटॅकचा, म्हणजे बगलेवरच्या हल्ल्याचा, मार बसतो. माझे एकदा सहा कॅटापल्ट असेच निकामी झाले, त्यांच्यावर थेट हल्ला कोणी केलाच नव्हता. तेव्हापासून स्टॅकमध्ये दोन पाइकमन (भालाईत) असल्याशिवाय मी घर सोडत नाही. ताकद ६, घोडेस्वारांविरुद्ध १०० टक्के. आणि दोन मेसमन कॉम्बॅट एक अधिक शॉकवाले (शॉक म्हणजे पायदळाविरुद्धचं प्रमोशन), त्याचे मेसमन किंवा ॲक्समन बाहेर येऊन भिडले तर.

हत्ती असतील तर त्यांच्यावर शहराची भिस्त ठेवू नकोस. घोडदळाला आणि हत्तीला सिटी रेडर मिळतच नाही. त्यांना कॉम्बॅट दे आणि रस्त्यावरून येणारी कुमक कापायला वापर.

फोंड्याचा गणितमास्तर

प्रिय डिचोलीकर, तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण तू आकडे दिले आहेस. आकडे असले की उत्तर देता येतं. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हा खेळ शिकलो, तेव्हा उत्तर थोडं लांबेल. वही घेऊन बस.

आधी नियम. कॉम्बॅट प्रमोशनचे टक्के तुझ्या स्वतःच्या ताकदीवर चढतात. मेसमनची ताकद ८, कॉम्बॅट एक दिलं की ८.८. पण बाकी सगळं, म्हणजे सिटी रेडर, कव्हर, शॉक, मेसमनला पायदळाविरुद्ध जन्मतः मिळणारे ५० टक्के, हे तुझ्या ताकदीत मिळवत नाहीत. ते बचाव करणाऱ्याच्या टक्क्यांतून वजा होतात. सगळा घोळ इथे होतो. पडद्यावर दोन्हीकडे टक्केच दिसतात, पण एक टक्का तुझ्या खात्यात जमा होतो आणि दुसरा त्याच्या खात्यातून उणा होतो.

आता तुझी पहिली लढाई मांडू. त्याचा मेसमन: कल्चरचे उरलेले २८, एकाच जागी ठाण मांडून बसून राहिल्याचे २५ (दर टर्नला ५, जास्तीत जास्त २५), तू नदी ओलांडून आलास म्हणून २५. पायदळाविरुद्धचे त्याचे ५० आणि तुझे ५० एकमेकांत कापले गेले. बेरीज ७८. आठाला १.७८ ने गुणलं की १४.२४. समोर तुझे ८.८.

त्याचा लाँगबोमन: २८, शहरात असल्याचे जन्मतः २५, बसून राहिल्याचे २५, गॅरिसनचे २०, नदीचे २५. झाले १२३. त्यातून तुझं कव्हर २५ गेलं, उरले ९८. सहाला १.९८ ने गुण, ११.८८.

खेळ काय करतो? हल्ला करणारा कोण आहे ते पाहून त्याच्याविरुद्ध जो सगळ्यात भारी, त्याला पुढे काढतो. तू कव्हर देऊन तिरंदाजांना हलकं केलंस, पण मेसमनला हलकं केलं नाहीस. म्हणून मेसमन पुढे आला. तुझ्या कव्हरने लढाई सोपी झाली नाही, फक्त समोरचा माणूस बदलला. मिश्र पहारा असलेल्या शहरावर एका जातीविरुद्धचं प्रमोशन घेऊन जाताना हे कायम होतं. सिटी रेडरचं तसं नाही. शहरात जो कोणी उभा आहे त्या प्रत्येकाच्या खात्यातून ते उणं होतं.

पण थांब. 'मग नऊही जणांना सिटी रेडर' असं लिहून वही मिटू नकोस. सिटी रेडर एकचे २० म्हणजे कॉम्बॅट एकच्या १० च्या दुप्पट, असं वाटतं ना? पूर्ण ६० टक्के कल्चर शाबूत आणि मध्ये नदी असताना मांडून बघ. त्याच्या मेसमनची बेरीज ११०, ताकद १६.८. कॉम्बॅट एकवाला तुझा गडी ८.८, गुणोत्तर ०.५२४. सिटी रेडर एक दिलं तर त्याचे ११० चे ९० होतात, ताकद १५.२, तुझे ८, गुणोत्तर ०.५२६. फरक जवळजवळ नाहीच! दोनशे दहातून वीस काढले तर कितीसे कमी होणार?

आता नदी ओलांडून आधीच पलीकडे उतर आणि कल्चर शून्यावर आण. लाँगबोमनची बेरीज ७० उरते, मेसमनची २५. माझ्या वहीतले आकडे देतो.

कॉम्बॅट एक अधिक कव्हर, म्हणजे तुझी जुनी जोडी: तू ८.८. लाँगबोमन ८.७, पण मेसमन १०. पुढे येणार मेसमन. गुणोत्तर ०.८८.

कॉम्बॅट एक आणि दोन: तू ९.६. लाँगबोमन १०.२. गुणोत्तर ०.९४.

सिटी रेडर एक आणि दोन: दुसऱ्याचे २५, मिळून ४५. तू ८. लाँगबोमन सहाला १.२५, म्हणजे ७.५. मेसमनची बेरीज २५ उणे ४५, शून्याखाली २०. अशा वेळी त्याची ताकद १.२ ने भागली जाते, ६.६७. पुढे लाँगबोमन येईल. गुणोत्तर १.०७.

एकाच्या पलीकडे गेलास बघ. आणि ज्याला १० एक्सपी झाले, तिसरं सिटी रेडर मिळालं (आणखी ३०, एकूण ७५), त्याच्यासमोर लाँगबोमन ५.७१ चा उरतो. गुणोत्तर १.४. कॉम्बॅट तीनवाला त्याच जागी १.०२ वर असेल.

म्हणून मारा आधी आणि सिटी रेडर नंतर. एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही. चार कॅटापल्ट, प्रत्येकी ८, म्हणजे टर्नला ३२. दोन टर्नांत ६४, साठ संपले. तुला फक्त एक टर्न अधिक थांबायचं होतं. सात कॅटापल्ट ने, कारण तिसऱ्या टर्नला मेसमनच्या आधी तेच शहरावर सोडायचे आहेत. त्यांच्या माऱ्याने आतल्या बाकीच्यांनाही दुखापत होते. कॅटापल्ट स्वतः कोणाला मारू शकत नाही, ७५ टक्के दुखापतीवर थांबतो, पण तेवढं पुरतं. दोघांना बॅरेज (आतल्या बाकीच्यांना जास्त दुखापत करणारं प्रमोशन) दे, ते पहिले जातील आणि बहुधा परत येणार नाहीत. उरलेल्यांना सिटी रेडर.

शेवटची गोष्ट, आणि मला ती सगळ्यात प्रिय आहे. दुसरं प्रमोशन लगेच खर्च करायलाच हवं असं नाही. प्रमोशन देताना युनिटची अर्धी दुखापत भरून निघते. समज, तुझा मेसमन जिंकला पण ८ पैकी २ वर आला. दुखापत ६ ची. तेव्हा राखलेलं प्रमोशन दिलंस की तो ५ वर जातो. पहिल्या फळीला दोन्ही आधी दे, त्यांना लढाईतच गरज आहे. मागच्या फळीतल्या दोघा-तिघांचं एकेक राखून ठेव. शहर घेतल्यावर तेच आत बसून पहिला प्रतिहल्ला झेलतील.

सत्तरीची_लेक

मास्तर, तुमची वही मला उतरवून घ्यायची आहे. कव्हरने माणूस बदलतो हे इतकी वर्षं खेळून मी कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. मला फक्त वाटायचं की शॉक दिलं की नेमके तिरंदाजच कसे समोर येतात.

एक भर घालते, कारण दोघांनीही मेडिकचं नाव काढलं नाही आणि लांबच्या मोहिमा त्यावर चालतात. शत्रूच्या मुलखात जखमा फार हळू भरतात. जिंकलेले मेसमन चार-पाच टर्न पडून राहिले की तेवढ्यात समोरचा नवे तिरंदाज उभे करतो, आणि सगळं पहिल्यापासून. स्टॅकमध्ये एक मेडिक (जखमा लवकर भरणारं प्रमोशन घेतलेला) असलाच पाहिजे. मेडिक एकने त्याच टाइलवरच्यांना (नकाशावरच्या त्याच चौकटीतल्यांना) दर टर्न १० टक्के जास्त बरं वाटतं.

पण तो मेडिक मेसमनला देऊ नकोस. पहिला ग्रेट जनरल (लढाया करून मिळणारा सेनापती) मिळाला की एका जुन्या रथाला एकट्याला बाजूच्या टाइलवर ने आणि जनरल त्याला जोड. एकटाच असल्यामुळे वीसच्या वीस एक्सपी त्याला मिळतात. २, ५, १०, १७ अशा पायऱ्या आहेत, म्हणजे चार प्रमोशन्स: कॉम्बॅट एक, मेडिक एक, मेडिक दोन, मेडिक तीन. तिसरं फक्त जनरल असलेल्यालाच मिळतं. रथ इतका दुबळा, की मास्तर म्हणतात त्याच नियमाने बचावाला तो कधीच पुढे येत नाही. भारी माणूस पुढे येतो आणि रथ मागे सुरक्षित राहतो. माझा एक रथ बंदुकांच्या काळापर्यंत टिकला.

आणि हो, सिटी रेडर घेतलेले मेसमन जपून ठेव. पुढे त्यांना रायफलमन किंवा ग्रेनेडिअर केलंस तरी ते प्रमोशन जात नाही, आणि नव्या रायफलमनला ते मिळत नाही. अपग्रेडला एक्सपी मात्र दहावर येतात, पण घेतलेली प्रमोशन्स तशीच राहतात. म्हणून अपग्रेडच्या आधी सगळी घेऊन टाक.

डिचोलीकर

मास्तर, सर, मी खरंच वही घेतली. तुमचे आकडे एकदा स्वतः मांडले, मगच पुढे खेळलो. सिटी रेडर एक आणि कॉम्बॅट एक हे पूर्ण कल्चर आणि नदी असताना सारखेच, यावर माझा विश्वास बसत नव्हता, म्हणून तो तीनदा मांडला.

काल रात्री लिस्बन घेतलं. दक्षिणेकडून वळसा घालून नदी आधीच ओलांडली. शहराला लागून जंगलाची टाइल होती, तिथे उभा राहिलो. सात कॅटापल्ट, आठ मेसमन (सहा सिटी रेडर, दोन कॉम्बॅट-शॉक), दोन पाइकमन. म्हापसेकर, तुम्ही म्हणालात तसेच नाईट आले, दोन होते, दोन्ही पाइकमनवर आपटून गेले. कॅटापल्टना ओरखडा नाही. पहिल्या टर्नला ६० चे ४ झाले, दुसऱ्याला एकच दगड पुरला. मध्येच वीज गेली, पाऊस होता, पण ऑटोसेव्ह होता त्यामुळे एकच टर्न परत खेळावा लागला.

तिसऱ्या टर्नला बॅरेजवाले दोन्ही कॅटापल्ट गेले, सिटी रेडरवाला एक गेला, मेसमन फक्त एक. राखून ठेवलेलं प्रमोशन एका जखमीला दिलं आणि तो डोळ्यांसमोर उठून उभा राहिला, तो क्षण मला फार आवडला.

आजोबा झोपले होते. सकाळी पेजेच्या वेळी सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि पडदा बघायला उठून आले. नकाशावर बोट ठेवून नाव परत वाचलं.

आता ओपोर्तो राहिलंय. ते बेटावर आहे, माझ्याकडे गॅली (वल्ह्यांची जहाजं) आहेत. ॲम्फिबियस घ्यावं का?

फोंड्याचा गणितमास्तर

शाबास. आजोबांना माझा नमस्कार सांग.

समुद्रातून थेट शहरावर उतरलास तर बचाव करणाऱ्याला ५० टक्के मिळतात, नदीच्या दुप्पट. ॲम्फिबियस ते दोन्ही पुसतं, पण त्याच्या आधी कॉम्बॅट दोनपर्यंत जावं लागतं. म्हणजे तिसरं प्रमोशन, १० एक्सपी. तेवढ्यात सिटी रेडर तीन झालं असतं. आणि जहाजात बसून कॅटापल्टना शहराच्या संरक्षणावर मारा करता येत नाही, त्यामुळे कल्चर पूर्ण शाबूत असताना लढावं लागेल. वरच्या वहीत त्या परिस्थितीचं गुणोत्तर काय आलं होतं ते बघ.

मी ॲम्फिबियस घेणार नाही. शहराच्या शेजारी जंगल किंवा टेकडी बघून तिथे आधी सगळे उतरव. गॅलीत दोनच युनिट मावतात, तेव्हा आठ-नऊ गॅली एकाच टर्नला किनाऱ्याला लाव, निम्मी फौज एकटी अडकू देऊ नकोस. उतरलेल्या पहिल्या टर्नला मारा होत नाही, म्हणून पाइकमन पहिल्या गॅलीत.

नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांची फौज मांडवीतल्या जुवे बेटावर रात्री उतरली ती ओहोटी साधून, पाणी कमी असताना. मी मुलांना जुव्याला घेऊन जायचो तेव्हा ओहोटीच्या वेळा आधी पाहून जायचो, म्हणजे त्यांना पात्र किती उथळ होतं ते डोळ्यांनी दिसायचं. पाणी ओलांडण्याची अडचण लढाई सुरू होण्याआधीच मिटवायची. तुझ्याकडे ओहोटी नाही, पण एक मोकळी टाइल आहे.

ओपोर्तोत कोण कोण आहे आणि कल्चर किती टक्के, ते लिहून पाठव. तिथे तट असेल तर प्रत्येक कॅटापल्टचे ८ चे ४ होतील, मग सात पुरणार नाहीत.